कंट्रोलर एवढा महाग का? तुम्ही विचारलंत म्हणून

‘एका कंट्रोलरला एवढे पैसे का मोजायचे? आणि मोजायचेच असतील तर कंपनीचाच घ्यायचा का?’ हा प्रश्न मला फार वेळा विचारला जातो. कंट्रोलर म्हणजे व्हिडिओ गेम खेळताना हातात धरायचं बटणांचं उपकरण. बिघडलेले कंट्रोलर उघडून दुरुस्त करायची मला मनापासून आवड आहे. ओळखीची माणसं आपापले कंट्रोलर आणून देतात आणि मी स्क्रू काढत असताना शेजारी बसून हेच विचारतात. हातात सोल्डरिंग आयर्न असताना उत्तर तुकड्यातुकड्यांत दिलं जातं, म्हणून आज सलग लिहिते.

आधी किमती. देशोदेशीचे कर वेगळे, म्हणून तुलनेपुरत्या अमेरिकेत जाहीर झालेल्या छापील किमती घेते. एक सेंट कमी छापायची तिथली पद्धत सोडून पूर्ण आकडे लिहिते. २०१३ साली सोनीच्या प्लेस्टेशन ४ या कन्सोलबरोबर, म्हणजे टीव्हीला जोडायच्या खेळाच्या यंत्राबरोबर, आलेला ड्युअलशॉक ४ सुटा घेतला तर ६० डॉलरला पडायचा. २०२० मध्ये प्लेस्टेशन ५ चा ड्युअलसेन्स ७० ला आला, पुढे तो ७५ झाला. निन्टेन्डोच्या पहिल्या स्विचच्या जॉय-कॉनची, म्हणजे दोन बाजूंना बसणाऱ्या छोट्या कंट्रोलरची, जोडी ८० ची होती. स्विच २ ची जोडी ९० ला जाहीर झाली. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सचा एलिट सिरीज २ हा १८० चा कंट्रोलर मे २०२५ मध्ये २०० वर गेला. सोनीचा ड्युअलसेन्स एज तर २०२३ मध्ये आला तोच २०० ला.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. २०१३ चे ६० डॉलर महागाई धरून आज ८० च्या वर जातात. म्हणजे त्या हिशोबाने साधा ड्युअलसेन्स जुन्या ड्युअलशॉकपेक्षा महाग नाही, उलट किंचित स्वस्तच आहे. शिवाय त्याच्या पोटात सामानही जास्त आहे. बोटाला उलटा दाब देणाऱ्या ट्रिगरमध्ये छोट्या मोटरी आणि दातेरी चाकं आहेत, थरथर नेमकी जाणवावी म्हणून वेगळे ॲक्च्युएटर (कंपन करणारे भाग) आहेत. मायक्रोफोन, स्पीकर, टचपॅड, हालचाल ओळखणारे सेन्सर आहेत, आणि बॅटरी १,००० वरून १,५६० एमएएचची झाली आहे. तो उघडून पाहिल्यावर कुणी ‘यात आहे काय?’ असं म्हणणार नाही.

तरीही विचारणाऱ्याची तक्रार खरी आहे असंच मला वाटतं. खर्च कुठे वाढला हे किमतीच्या चिठ्ठीवर पूर्ण दिसत नाही, एवढंच.

एप्रिल २०२५ आठवून पाहा. २ तारखेला निन्टेन्डोने स्विच २ ची सविस्तर माहिती दिली आणि त्याच दिवशी अमेरिकेने नवी आयात शुल्कं जाहीर केली. निन्टेन्डोचं बरंच उत्पादन आता व्हिएतनाममध्ये होतं आणि त्या देशाच्या वाट्याला ४६ टक्के आले. अंमलबजावणी लवकरच काही काळ थांबवली गेली, पण कंपनीने अमेरिकेतली आगाऊ नोंदणी ९ वरून २४ एप्रिलवर ढकलली. मधल्या काळात जे झालं ते मला फार बोलकं वाटतं. कन्सोल ४५० डॉलरवर तसाच राहिला आणि ॲक्सेसरीज वाढल्या. जॉय-कॉनची जोडी ९० वरून ९५, प्रो कंट्रोलर ८० वरून ८५, कॅमेरा ५० वरून ५५. कन्सोलची किंमत मथळ्यात येते, लोक तीच लक्षात ठेवतात, त्याच आकड्यावरून दोन कंपन्यांची तुलना होते. कंट्रोलर पाच डॉलरने वाढला तर त्याची चर्चा दोन दिवसांत संपते.

या धंद्याची घडणही तशीच आहे. २०२१ मध्ये एपिक ही खेळ बनवणारी कंपनी आणि ॲपल यांच्या खटल्यात मायक्रोसॉफ्टच्या एका उपाध्यक्षांनी साक्षीत सांगितलं की एक्सबॉक्स कन्सोल तोट्यातच विकला जातो. सोनीनेही त्याच वर्षी सांगितलं की ५०० डॉलरचा प्लेस्टेशन ५ आता तोट्यात जात नाही, म्हणजे आधी जात होता. यंत्रात गेलेला पैसा खेळांतून, वर्गणीतून आणि ॲक्सेसरीजमधून भरून निघायला हवा. कंट्रोलर ही त्या घराला हमखास पुन्हा लागणारी वस्तू आहे. एक तरी जास्तीचा लागतोच.

आणि तो जास्तीचा का लागतो? कारण खोक्यात एकच येतो. १९८३ च्या फॅमिकॉमला दोन कंट्रोलर कायमचे जोडलेलेच होते. १९९१ मध्ये अमेरिकेत सुपर निन्टेन्डो आला तेव्हा खोक्यात दोन कंट्रोलर होते. निन्टेन्डो ६४ ला पुढे चार सॉकेट होती, कंट्रोलर मात्र एक. तेव्हापासून शेजारी बसून खेळणाऱ्या दुसऱ्या माणसाचा खर्च वेगळा झाला. मला यात सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते याचंच. दोन भावंडं, आई आणि मुलगा, सुट्टीत आलेले मित्र यांना एका पडद्यासमोर बसून खेळायचं असेल, तर एकट्याने खेळणाऱ्यापेक्षा त्यांनी कितीतरी जास्त पैसे मोजायचे. चौघांसाठी तीन सुटे ड्युअलसेन्स घेतले तर २२५ डॉलर झाले. तेवढ्यात जवळजवळ निम्मा कन्सोल येत असे.

खोकं इतर बाबतींतही हलकं होत गेलं आहे. २०२० च्या प्लेस्टेशन ५ बरोबर त्याला उभं करायचं स्टँड मिळायचं, २०२३ च्या सडपातळ मॉडेलला ते ३० डॉलर देऊन वेगळं घ्यावं लागतं. २०२४ मध्ये ७०० डॉलरला आलेल्या प्लेस्टेशन ५ प्रोमध्ये डिस्क ड्राइव्ह नाही, तो ८० ला वेगळा. स्विचबरोबर जॉय-कॉन बसवायची जी मूठ येते तिच्यातून चार्जिंग होत नाही, चार्ज करणारी मूठ वेगळी घ्यायची. एक्सबॉक्सच्या साध्या कंट्रोलरला आजही दोन एए सेल लागतात. याबद्दल मात्र माझं मत लोकांपेक्षा वेगळं आहे. रिचार्ज होणारे दोन सेल घाला, जुने झाले की बदला. बॅटरी गेली म्हणून तो कंट्रोलर कधीच कचऱ्यात जाणार नाही.

आता स्टिककडे, म्हणजे अंगठ्याने फिरवायच्या छोट्या दांडीकडे, येते, कारण माझ्याकडे येणाऱ्या कंट्रोलरमध्ये बहुतेकांचं दुखणं तेच असतं. हात न लावता खेळातलं पात्र आपोआप एका बाजूला चालू लागतं, याला ड्रिफ्ट म्हणतात. नेहमीच्या स्टिकखाली दोन पोटेन्शिओमीटर असतात, एक आडव्या हालचालीसाठी, एक उभ्या. जुन्या रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असायचा तोच हा भाग, फक्त इवलासा. त्यात कार्बनचा पट्टा असतो आणि त्यावर घासत फिरणारा धातूचा स्पर्शक. घासलं की झिजणार. पट्टा झिजला, त्याची भुकटी आत साचली की मध्यावर मिळणारा आकडा हलतो. २०२१ मध्ये दुरुस्तीची माहिती देणाऱ्या आयफिक्सिट कंपनीने ड्युअलसेन्स उघडला तेव्हा त्यांना आतल्या सुट्या भागाचं ठरलेलं आयुष्य सापडलं, २० लाख फेऱ्या. एका वेगवान नेमबाजीच्या खेळात मिनिटाला किती फेऱ्या होतात हे मोजून त्यांनी हिशोब मांडला, तो ४१७ तासांचा आला. रोज दोन तास खेळणाऱ्याला सात महिने. प्रत्येक कंट्रोलर तेवढ्यातच जातो असं नाही. पण वॉरंटी संपल्यावर काही महिन्यांत हातात ड्रिफ्ट आलेले इतके कंट्रोलर मी पाहिले आहेत की तो हिशोब मला अवास्तव वाटत नाही.

दुरुस्ती होते. पण ती सोपी ठेवलेली नाही. स्टिकचा मॉड्यूल बोर्डाला १४ ठिकाणी सोल्डर केलेला असतो, आणि चौदाही पाय एकदम मोकळे झाल्याशिवाय तो निघत नाही. जोर लावला तर बोर्डावरची तांब्याची टिकली उपटून येते. नवा मॉड्यूल बसवला तरी मध्य पुन्हा जुळवून घ्यावा लागतो. भाग अगदी स्वस्त आहे, वेळ आणि हात महाग आहेत. बहुतेक घरांत तो हात उपलब्ध नसतो, म्हणून पूर्ण कंट्रोलर बदलला जातो. ७५ डॉलरचा कंट्रोलर दोन वर्षांत दोनदा घेतला तर तो १५० चा झाला. महागाई मोजताना ही दुसरी खरेदी कुणी धरत नाही.

ड्युअलसेन्स एजमध्ये सोनीने स्टिकचा मॉड्यूल सहज निघेल असा दिला आहे, सुटा २० डॉलरला मिळतो. एक खटका ओढला की जुना बाहेर, नवा आत. म्हणजे हे कसं करायचं ते माहीत आहे. फक्त २०० डॉलर मोजणाऱ्यालाच ते मिळतं. मला ही गोष्ट पटत नाही आणि पटणारही नाही.

न झिजणारी स्टिक तर फार जुनी आहे. १९९८ मध्ये जपानमध्ये आलेल्या सेगाच्या ड्रीमकास्टच्या कंट्रोलरमध्ये हॉल इफेक्ट सेन्सर होते. स्टिकबरोबर चुंबक हलतो आणि सेन्सर स्पर्श न करता त्याचं क्षेत्र मोजतो. घासणारं काही नाही, त्यामुळे पट्टा झिजण्याचा प्रश्नच येत नाही. आज ८बिटडू, गुलिकिट, गेमसर अशा कंपन्या हॉल किंवा त्याहून कमी वीज खाणारे टीएमआर (हेही चुंबकाचं क्षेत्र मोजणारे) सेन्सर घालून कंट्रोलर विकतात, आणि त्यांतले कितीतरी तीन मोठ्या कंपन्यांच्या साध्या कंट्रोलरपेक्षा स्वस्त असतात. स्विच २ च्या जॉय-कॉनमध्ये मात्र हॉल स्टिक नाहीत, हे निन्टेन्डोनेच सांगितलं आहे. ज्या कंपनीवर पहिल्या जॉय-कॉनसाठी अमेरिकेत सामूहिक दावा झाला, जिच्या अध्यक्षांनी २०२० मध्ये ग्राहकांना झालेल्या त्रासाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, तिने हे करावं याचं मला खरोखर आश्चर्य वाटलं. युरोपात २०२१ मध्ये ग्राहक संघटनांच्या महासंघाने सुमारे २५,००० तक्रारी पुढे ठेवल्या आणि २०२३ मध्ये निन्टेन्डोने तिथे वॉरंटीनंतरही ड्रिफ्टची दुरुस्ती फुकट करायचं मान्य केलं. लोकांनी तक्रार लेखी नोंदवली म्हणून हे झालं. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्याला मी आधी विचारते, ‘कंपनीला कळवलंत का?’

मग दुसऱ्या कंपनीचाच घ्यायचा का? ते तुमच्या कन्सोलवर अवलंबून आहे. संगणकावर खेळत असाल तर बिनधास्त घ्या, जुना ड्युअलशॉकसुद्धा चालतो. एक्सबॉक्सवर मायक्रोसॉफ्टचा परवाना असलेलाच घ्या. २०२३ च्या अखेरीपासून विनापरवाना सामान जोडलं की पडद्यावर सूचना येते आणि दोन आठवड्यांनी ते बंद पडतं. परवाना असलेला गेमसर जी७ एसई मात्र हॉल स्टिकसकट मायक्रोसॉफ्टच्या साध्या कंट्रोलरपेक्षा स्वस्त आहे, वायर चालत असेल तर तो घ्यावा. एक्सबॉक्सचं एक कौतुक केलंच पाहिजे, एक्सबॉक्स वनचे कंट्रोलर नव्या सिरीज एक्स आणि एसवर चालतात. प्लेस्टेशन ५ वर ड्युअलशॉक ४ ने फक्त प्लेस्टेशन ४ चे खेळ खेळता येतात, नवे नाहीत. तिथे परवाना असलेले वायरलेस कंट्रोलर सोनीच्यापेक्षाही महाग आहेत, रेझरचा वुल्व्हरिन व्ही२ प्रो २५० डॉलरला आला. म्हणून प्लेस्टेशनवाल्यांना मी साधा ड्युअलसेन्सच सांगते, आणि नवा घेण्याआधी जुना दुरुस्त करायला देऊन बघा असं सांगते.

अगदी कमी किमतीच्या बनावटी मालाबद्दल फार लिहीत नाही. बाहेरून हुबेहूब असतो, आत बॅटरी कसली आहे याचा भरवसा नसतो. घेऊ नका.

ड्रिफ्ट नुकताच सुरू झाला असेल तर खेळाच्या सेटिंगमध्ये डेडझोन, म्हणजे स्टिक हलली तरी खेळ दुर्लक्ष करतो तो मधला भाग, थोडा वाढवा. विजेचे जोड साफ करणाऱ्या कॉन्टॅक्ट क्लीनरने काही दिवस बरे जातात, पण झिजलेला पट्टा परत येत नाही. बॅटरीच्या बाबतीत युरोपातून चांगली बातमी आहे. १८ फेब्रुवारी २०२७ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता आणि बदलता यायला हवी, असा नियम लागू होतो. स्टिकसाठी तसा नियम हवा आहे.

शेवटी एका अशा खरेदीबद्दल लिहिते, जिच्याविषयी मला क्वचितच कुणी विचारतं. ज्यांना नेहमीचा कंट्रोलर धरताच येत नाही, त्यांच्यासाठी मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये १०० डॉलरचा ॲडॅप्टिव्ह कंट्रोलर काढला. त्याच्या मागे १९ छोटी सॉकेट आहेत, प्रत्येकात आपल्याला जमेल ते बटण, पायपट्टी किंवा स्विच जोडायचं. पण ते सगळं वेगळं विकत घ्यावं लागतं. लॉजिटेकने २०१९ मध्ये त्यासाठी काढलेला बटणांचा संच आणखी १०० डॉलरचा. सोनीचा ॲक्सेस कंट्रोलर २०२३ मध्ये ९० ला आला. दोन हातांसाठी दोन घेतले तर १८०. या खेळाडूंना स्वस्त पर्याय शोधायला, जुना चालवून घ्यायला फारशी जागाच नसते. कंपन्यांनी ही उपकरणं काढली याबद्दल मला मनापासून आदर आहे. ॲक्सेसरीजची पुढची दरवाढ ठरवताना ती त्या यादीतून वगळावीत, आणि त्यांचे सुटे भाग दुरुस्ती करणाऱ्या कुणालाही विकत मिळावेत, एवढी मागणी मी प्रत्येक ग्राहक सर्वेक्षणात लिहून पाठवते. तुम्हीही लिहा.