तुम्ही विचारलंत म्हणून: दिवसभर खेळतात, मग शिकतात कधी?

शुक्रवारी दुपारी शब्बातचा, म्हणजे आम्हा ज्यूंच्या शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाचा, स्वयंपाक गॅसवर असताना ठाण्याहून भाचीचा व्हिडिओ कॉल येतो. तिचा मुलगा चार वर्षांचा. त्याच्या वहीतल्या उभ्या रेघा, आडव्या रेघा मला दाखवून झाल्या की ती हमखास विचारते, "आत्या, तुमच्याकडची पोरं दिवसभर खेळतातच ना गं? मग शिकतात कधी?" हाच प्रश्न मला तिच्या आईनं विचारलाय, अलिबागच्या आमच्या चुलत्यांनी विचारलाय, आणि इथे इस्रायलमध्ये, आमच्या दिमोना गावात, रशियाहून आलेल्या शेजारणीनंही. तेव्हा एकदा सविस्तरच सांगते.

मी 18 वर्षं इथल्या सरकारी गानमध्ये (बालवाडीत) सायात होते, म्हणजे मदतनीस बाई. मुख्य बाई ती गनेनेत. कायद्यानं एका गानमध्ये 35पर्यंत मुलं असू शकतात, आणि त्यांना आम्ही दोघी. त्यामुळे "मुलांच्या कलानं शिक्षण" असं कुणी म्हटलं की मला आधी तो आवाज आठवतो.

गान म्हणजे बाग. गान येलादीम, मुलांची बाग. मी नवी होते तेव्हा हे कळल्यावर मला हसू आलं होतं, कारण आमच्या आजीच्या रेवदंड्यात वाडी म्हणजे नारळी-सुपारीची बागच. बालवाडी म्हणा नाहीतर गान म्हणा, शब्द तोच. आणि भाची म्हणते तसं हे काही "परदेशी फॅड" नाही. ताराबाई मोडकांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केलं, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि आदिवासी पोरं बालवाडीत येईनात तेव्हा त्यांनी बालवाडी पोरांच्या अंगणात नेली. अंगणवाडी शब्द तिथला. आता त्याच महाराष्ट्रात तीन वर्षांच्या पोराची प्रवेशासाठी मुलाखत घेतात, ते सोडा.

आमच्या अंगणात भंगार होतं. शब्दशः. फुटका कीबोर्ड, गाडीचं स्टिअरिंग, लोखंडी कॉटची चौकट, टायर, सुटकेसी, काळी पडलेली पातेली, फळ्या. याला खत्सर ग्रुताओत म्हणतात, भंगाराचं अंगण. सदे एलियाहू नावाच्या किब्बुत्झात, म्हणजे सामुदायिक शेतीच्या गावात, मल्का हास या गनेनेतनं ही पद्धत रुजवली आणि तिथून ती देशभर गेली. तिचं म्हणणं सरळ होतं: प्लॅस्टिकच्या खेळण्यातल्या चुलीची फक्त चूलच होते, खऱ्या पातेल्याचं काहीही होतं. दर आठवड्याला आम्ही खिळे, गंजलेल्या कडा, फुटकी काच तपासून काढायचो, नवं भंगार आणून टाकायचो. एका आईनं तक्रार केली होती की मी मुलाला शिकायला पाठवते, उकिरड्यावर नाही. माझी वहिनी फोनवर बघून म्हणाली, "अगं बाई, हे तर भंगारवाल्याचं दुकान!" खरंच तसं दिसायचं.

पण मला जास्त सांगायचंय ते सणांबद्दल. कारण हुशार लोक पुढचा प्रश्न तोच विचारतात. ज्यू बालवाडी म्हणजे सगळं आधीच ठरलेलं. शुक्रवारी मेणबत्त्या, खल्ला हा शब्बातचा पाव, द्राक्षाचा रस, एक मूल शब्बातची आई, एक शब्बातचा बाबा. "तू बिश्वात" या झाडांच्या सणाला झाडं लावायची, हनुका या दिव्यांच्या सणाला अक्षरं असलेला भोवरा. मग यात मुलाच्या मनाचं काय उरलं?

पेसाख म्हणजे इजिप्तच्या गुलामीतून सुटल्याचा सण. त्या रात्री हगादा हे पुस्तक वाचतात, त्यातल्या गोष्टीची सुरुवात घरातल्या सगळ्यात लहान मुलाच्या प्रश्नानं होते: आजची रात्र वेगळी का? पोरांनी विचारावं म्हणून त्या रात्री मुद्दाम विचित्र गोष्टी करतात, भाजी मिठाच्या पाण्यात बुडवून खातात. उत्तर हजारो वर्षांपूर्वीचं ठरलेलं, पण प्रश्न आल्याशिवाय ते द्यायचं नाही. त्याच हगाद्यात चार मुलगे आहेत: शहाणा, वाईट, साधा, आणि चौथा, ज्याला विचारताच येत नाही. त्याच्यासाठी सांगितलंय, "अत् पेताख लो", तू त्याला सुरुवात करून दे. गंमत म्हणजे यातलं "अत्" हे बाईला म्हणायचं "तू" आहे. आमची गनेनेत म्हणायची, बघ, हे आपल्यालाच सांगितलंय.

एका वर्षी असा चौथा आमच्याकडे आला. गानचं वर्ष 1 सप्टेंबरला सुरू होतं. महिनाभर हा मुलगा कुंपणाला पाठ लावून बसून. मोकळं खेळ म्हणणं काही मुलांना शिक्षाच असते, हे खेळाचे गोडवे गाणारे सांगत नाहीत. मी त्याला बोलावलं नाही, माझ्या स्वभावाविरुद्ध. मी त्याच्यापासून चार हातांवर बसले आणि एका बंद रेडिओचे स्क्रू काढायला लागले. नीट काढत नव्हते, मला येतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तो जवळ येऊन म्हणाला, "उलटं फिरवतेस." हे त्याचं गानमधलं पहिलं वाक्य.

तोवर सुक्कोत, मांडवांचा सण, जवळ आला. सुक्का म्हणजे सणाचा मांडव (मटण सुक्का नव्हे, भाची दरवेळी हसते). गानच्या दारात मोठी सुक्का पालकांनी उभारलीच होती, कागदी साखळ्या लावून, नटवून. पण पाच-सहा पोरांनी भंगारात स्वतःची काढली. कॉटची चौकट एक भिंत, फळ्या दुसरी, तिसरीला चादर. छपरावर अडले. सुक्काच्या छपरातून तारे दिसले पाहिजेत, हे त्यांना माहीत होतं. पण गान तर दुपारी दोनला सुटतं, तारे कुठून आणायचे? तेव्हा आमच्या कुंपणवाल्यानं स्टीलची मोठी चाळण उचलली, डोक्यावर धरली आणि उन्हात वर बघितलं. भोकाभोकातून उजेड. दिवसासुद्धा तारे! सगळी पोरं एकेक करून चाळणीखाली डोकी घालून आली.

एक मुलगी मात्र कमरेवर हात ठेवून उभी. "माझे सबा म्हणतात, छप्पर जमिनीतून उगवलेलंच लागतं. भांडं चालत नाही." सबा म्हणजे आजोबा, आणि आजोबांचं बरोबर होतं. नियम तसाच आहे. मी गनेनेतकडे बघितलं, तिनं ओठांवर बोट ठेवलं. भांडण दोन दिवस चाललं. मध्ये एकदा कुणी कुणाला पातेलं मारलं, तेव्हा मी ओरडले, कलानं वगैरे सगळं विसरून. तिसऱ्या दिवशी तोडगा निघाला: छपराला खजुराच्या झावळ्या, आणि चाळण भिंतीत, खिडकी म्हणून. तारे खिडकीतून.

झावळ्या म्हटल्यावर माझे हात शिवशिवले. आजी नारळाच्या झावळीचे झाप विणायची, मांडवासाठी, कुडासाठी. मला येतं, दाखवू का, असं म्हणायची इतकी ऊर्मी झाली! नाही म्हटलं. बाजूला बसून स्वतःसाठीच एक विणायला घेतला. खजुराची पात नारळासारखी वळत नाही, आणि तिच्या बुडाशी हे एवढाले काटे. बोटांतून रक्त आलं, झाप काही झाला नाही. पोरं आळीपाळीनं येऊन बघून गेली. एकीनं मला बँडेज-पट्टी आणून लावली आणि विचारलं, "तुझ्या आजीचं झाड वेगळं होतं का?" मग नारळ, समुद्र, रेवदंडा, तेलाचा घाणा, आम्हा कोकणातल्या ज्यूंना शनवार तेली का म्हणायचे, शनिवारी घाणा बंद का, असं सगळं निघालं. मी हे शिकवायला बसले असते तर दोन मिनिटं ऐकलं नसतं कुणी.

सुक्कोत सात दिवसांचा, ते सगळे सुट्टीत गेले. पोरांची सुक्का पुरी झाली तेव्हा सण संपून दोन आठवडे झाले होते. दारातली मोठी सुक्का मोडून साखळ्या पेटीत गेल्या, ही मात्र उभी. मंगळवारीसुद्धा तिथे शब्बात लागायचा, नटबोल्टच्या मेणबत्त्यांवर कुणीतरी डोळे झाकून उभं. कधी ती दवाखाना व्हायची, कधी बेरशेवाची बस.

आणि अक्षरं? अक्षरं कधी, हे भाचीला खरं तर विचारायचं असतं. एक दिवस मी सुक्काची चादर बाजूला सारून दहाच्या खाण्यासाठी हाक मारायला आत डोकावणार, तर चादरीला पुठ्ठा लावलेला. कोळशानं तीन अक्षरं, उजवीकडून डावीकडे. गोल सामेख, भोवऱ्यावरून उचललेला गिमेल, आणि रेश. "सगूर" लिहायचं होतं, म्हणजे बंद. मधला वाव राहिला होता. पुठ्ठ्याच्या मागून रेडिओवाल्याचा आवाज आला, "वाचता येत नाही का तुला?"

मी बाहेरच थांबले.