हजेरी क्रमांक ३१

आमच्या दहावी ‘ब’चा १९९९ चा वर्गफोटो माझ्या कपाटात आहे. मधल्या रांगेत खुर्च्यांवर सर आणि बाई, पुढे मांडी घालून बसलेली बुटकी मुलं, मागे बाकांवर उभे राहिलेले उंच. मी मागून दुसऱ्या रांगेत, डावीकडून तिसरी, दोन घट्ट वेण्या आणि पांढऱ्या रिबिनी. वर्गात आम्ही ५८ जण होतो. फोटोत ५७ आहेत. नाही तो एकतीस नंबर. फोटो काढला बुधवारी, आणि बुधवारी तो शाळेत नसायचा.

मी वर्गाची मॉनिटर होते. हजेरीपुस्तक बाईंच्या टेबलापर्यंत नेणं आणि तास संपला की परत आणणं हे माझं काम, त्यामुळे वर्ग माझ्या डोक्यात आजही नंबरांनीच बसलेला आहे. सात नंबर म्हणजे पट्टीने टेबलावर ठेका धरणारा. बेचाळीस नंबर म्हणजे माझ्या बाकावरची, जिच्या डब्यात रोज लसणाची चटणी असायची आणि जिच्यामुळे आमचा अख्खा कोपरा मधल्या सुट्टीआधीच भुकेला व्हायचा. आणि एकतीस नंबर नाशिकजवळच्या मखमलाबादहून सायकलवर यायचा. सायकलच्या मागच्या कॅरिअरला गोणपाट बांधलेलं असायचं, दप्तर त्यावर.

त्याच्याइतका तोंडी हिशेब वर्गात कुणालाच यायचा नाही. आम्हाला पाढे तीसपर्यंत. त्याला पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढेही सगळे पाठ होते. बीजगणिताच्या सरांनी एकदा फळ्यावर अपूर्णांकांचं गणित घातलं, तर सर खडू खाली ठेवायच्या आत याचं उत्तर तयार. सरांनी विचारलं, कुठे शिकलास? तो म्हणाला, “आईकडून. तिला अक्षरं येत नाहीत सर, पण आकडे येतात.”

बुधवारी मात्र तो नाही. गुरुवारी विचारलं की ठरलेलं उत्तर, “बरं नव्हतं.”

नाशिककरांना हे सांगायला नको, पण बाहेरच्यांसाठी लिहिते. गोदावरीला आमच्याकडे कुणी गोदावरी म्हणत नाही, गंगा म्हणतात. गंगेवर बुधवारचा आठवडे बाजार भरतो. रामकुंडाच्या खालच्या अंगाला, दुतोंड्या मारुतीपासून पुढे गाडगे महाराज पुलाकडे, नदीच्या दोन्ही कडेला भाजीवाले, मिरचीवाले, कांदा-लसूणवाले, भांडीवाले, सुऱ्यांना धार लावणारे बसतात. दुतोंड्या मारुती म्हणजे नदीपात्रातली मारुतीची उंच मूर्ती, आमची पूर मोजायची पट्टी. पाणी गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, ही भाषा घरोघरी चालते. पावसाळ्यात पाणी चढलं की बाजार मागे सरकतो, उतरलं की परत पुढे येतो.

आम्ही पंचवटीत राहायचो. शाळा नदीपलीकडे जुन्या गावात, म्हणून रोजची वाट गंगेवरूनच. दिवाळीनंतरच्या एका बुधवारी शाळा लवकर सुटली आणि मी रामसेतू पुलावरून घरी येताना खाली बाजारात तो दिसला. शाळेचाच पांढरा शर्ट, बाह्या वर दुमडलेल्या, पुढ्यात मेथी आणि कोथिंबिरीच्या जुड्यांची चळत, शेजारी तागडी. आई एका गिऱ्हाइकाशी बोलत होती आणि हा दुसऱ्याला सुटे पैसे देत होता. आजारी नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी वर्गशिक्षकांना सांगितलं. मला वाटलं, मॉनिटरने खरं सांगायचं असतं. त्याला दोन तास वर्गाबाहेर व्हरांड्यात उभं केलं. हजेरी ७५ टक्के भरली नाही तर बोर्डाचा फॉर्म अडेल, असंही सगळ्यांसमोर ऐकवलं. दाराच्या फटीतून मला त्याचा अर्धा खांदा दिसत होता. तो मधल्या सुट्टीत आत आला तेव्हा माझ्याकडे बघून एकच वाक्य बोलला, “बुधवार नाही केला तर फॉर्मचे पैसे कुठून आणू?”

राग नव्हता त्यात. तेच मला झेपलं नाही. घरी जाऊन मी जेवले नाही. आईने विचारलं तर पोट दुखतंय म्हणाले, म्हणजे खोटंच बोलले.

पुढच्या बुधवारपासून मी सगळ्या तासांच्या वह्या कार्बन घालून लिहायला लागले. झेरॉक्सला पैसे लागायचे, कार्बन मात्र घरात फुकट होता. बाबा सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या बाहेर टाइपरायटर घेऊन बसायचे. प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, वारसाचे अर्ज. वापरून झालेले कार्बन ते घरी आणायचे. उजेडासमोर धरला की त्यात कुणाच्या तरी प्रतिज्ञापत्राच्या ओळी उलट्या दिसायच्या, एकावर एक चढलेल्या. मी त्याच कार्बनखाली नागरिकशास्त्र लिहायचे. खालची प्रत उमटावी म्हणून पेन दाबून धरावं लागायचं, त्याने मधल्या बोटाला घट्टा पडला. तो अजून आहे, हात लावला की कळतो. बोटं निळी व्हायची, युनिफॉर्मच्या खिशाला डाग पडायचा आणि आई ओरडायची.

शाळा सुटली की बाजारात जाऊन ती पानं मी त्याच्या आईच्या हातात द्यायचे. त्याला देताना आम्हा दोघांनाही कसंतरी व्हायचं. त्या काळी वर्गातली मुलं-मुली एकमेकांशी कामाशिवाय बोलत नसत, आणि बाजारात तर सगळं गाव बघतं. त्याची आई पानं पदराला हात पुसून घ्यायची, गोणपाटाखाली सपाट ठेवायची आणि कोथिंबिरीची एक जुडी माझ्या दप्तरात खुपसायची. मी पैसे काढले की म्हणायची, “ऱ्हाऊ दे गं पोरी, वझं होतंय का तुला?”

फेब्रुवारीत निरोप समारंभ झाला. समोसा, पेढा, भाषणं, रडारड. सगळ्यांच्याच शाळेत होतो तसा.

मार्च मात्र नीट आठवतो. नाशिकला रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला खेळतात, आणि जुन्या गावात, पंचवटीत त्या दिवशी रहाडी उघडतात. पेशवेकाळापासूनचे हे दगडी हौद वर्षभर रस्त्याखाली बुजवलेले असतात. सणाआधी उकरतात, धुतात, फुलं उकळून केलेला रंग त्यात भरतात. दिल्ली दरवाजाची केशरी, शनी चौकातली गुलाबी, तिवंध्याची पिवळी. त्यात उडी मारायची, म्हणजे धप्पा मारायचा. तो रंग साबणाने जात नाही, दिवसांनीच जातो. आम्हाला घरोघरी ताकीद होती की परीक्षेचे दिवस आहेत, रहाडीकडे फिरकायचं नाही. मी आमच्या खिडकीत बसून प्रमेयं घोकली. एकतीस नंबर गेला. परीक्षेला आला तेव्हा त्याच्या दोन्ही कानांमागे आणि नखांच्या कडांना हळद लावल्यासारखा पिवळा रंग होता. वर्षभरात त्याला खेळताना मी पाहिलंच नव्हतं, ना मैदानावर, ना गॅदरिंगला. तो पिवळा रंग बघून मला इतकं बरं वाटलं, की माझा स्वतःचा पेपर कसा गेला होता ते आता आठवत नाही.

त्याच मार्चमध्ये, १० तारखेला, कुसुमाग्रज गेले. तोही बुधवार. मराठीच्या बाई वर्षभर आम्हाला सांगायच्या, ज्ञानपीठ मिळालेला माणूस आपल्या गावात टिळकवाडीत राहतो, तुम्ही चालत जाऊ शकता इतक्या अंतरावर. आम्ही कधी गेलो नाही. परीक्षा झाली की जाऊ, असं बेचाळीस नंबर आणि मी ठरवलं होतं. बाबा त्या संध्याकाळी घरी आले, टाइपरायटर खाली ठेवला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. एवढ्या वर्षांत बाबांना मी त्यांच्या नात्यातल्या नसलेल्या माणसासाठी रडताना तेव्हाच पाहिलं.

निकाल जूनमध्ये. गुणवत्ता यादीत आमच्या वर्गातलं कुणी नव्हतं. एकतीस नंबर फर्स्ट क्लासने पास झाला, गणितात वर्गात पहिला. मार्कशीट घेऊन तो सायकलवर टांग टाकून गेला. त्यानंतर २५ वर्षं मी त्याला पाहिलं नाही. मी कॉलेज रोड, मग पुणे, मग लग्न. बाबा गेले, पंचवटीतलं घर गेलं.

गेल्या वर्षी वर्गातल्या कुणीतरी सगळ्यांचे नंबर जमवले, स्नेहमेळावा ठरला. ४१ जण आले. तो आला नाही. सात नंबर म्हणाला, अगं तो अजून गंगेवर बसतो, मला दर आठवड्याला दिसतो. मी पुण्याला परत जायचं दोन दिवस पुढे ढकललं आणि बुधवारी फोटोची प्रत घेऊन बाजारात गेले.

कानांवरून ओळखला. केस पांढरे झालेत. मला बघून म्हणाला, “मॉनिटर!” आणि गोणपाटाची घडी करून मला बसायला दिली. अकरावीनंतर शिकला नाही, सांगितलं त्याने, वडील आजारी पडले. मळ्याचा अर्धा भाग आता प्लॉटिंगमध्ये गेलाय, उरलेल्यात भाजीच लावतो. मुलगी फार्मसी करतेय. आई चार वर्षांपूर्वी गेली. मी फोटो दिला. त्याने तो बराच वेळ पाहिला आणि एकेकावर बोट ठेवत नंबर सांगत गेला, मला आठवत नव्हते तेही.

माझी माफी मागायची राहिली होती. ती मागितली. तो म्हणाला, “अगं, हजेरीचं मी विसरलो पण.” मग गल्ल्याच्या डब्यातून प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत माझी कार्बनची पानं, निळं फिकट होऊन करडं झालेलं. मला भरून आलं. म्हटलं, एवढी वर्षं जपलीस?

“मागून बघ,” तो म्हणाला.

मागे शिसपेन्सिलीने त्याच्या आईचा हिशेब होता. आकडे वाकडेतिकडे, मोठे. अक्षरं येत नसल्यामुळे आकड्यांच्या आधी तिने चित्रं काढली होती. एका दांडीवर तीन पानं, मेथी. गोल आणि वर देठ, वांगी. नुसत्या उभ्या रेघा, कांद्याची पात. प्रत्येक पानावर सगळ्यात खाली एक चित्र होतं ते मला लागेना. एक छोटा गोल, त्याच्या दोन्ही बाजूंनी खाली आलेल्या दोन रेघा आणि पुढे शून्य.

“ही तू,” तो म्हणाला. “कोथिंबिरीचे पैसे घ्यायची नाही ना ती.”

तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. मेथी कशी दिली, म्हणून विचारत होतं. तो तागडी सरळ करायला वळला.