एकवीस मणी

सातारा हिल मॅरेथॉनला पंधरा दिवस उरले होते. वन्सं घरी आल्या, पर्समधून एक मखमली पुरचुंडी काढली आणि माझ्या हातावर ठेवली. आत इलॅस्टिकमध्ये ओवलेलं ब्रेसलेट. सोनेरी झाक असलेला तपकिरी टायगर आय, तांबूस अकीक आणि मधे मधे काळेभोर चकचकीत हेमॅटाइटचे मणी. सोबत एक कार्ड. टायगर आय धैर्य देतो, अकीक श्वास मोकळा करतो, हेमॅटाइट रक्तातलं लोह वाढवून थकवा शोषून घेतो.

"खास खेळाडूंचा सेट मागवलाय तुझ्यासाठी. पौर्णिमेच्या चांदण्यात ठेव रात्रभर, म्हणजे चार्ज होईल."

"वन्सं, ऐन पावसाळ्यात चांदणं कुठून आणू?"

"मग तांदळात पुरून ठेव."

ओल्या मोबाइलवर आणि थकलेल्या दगडावर उपाय एकच, हे मला नवीन होतं. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी घाट पळत चढायला निघालेली भावजय बघून वन्संना खरी काळजी वाटत होती, हेही दिसत होतं. मी ब्रेसलेट तांदळाच्या डब्यात ठेवलं.

लोहाचं म्हणाल तर माझं हिमोग्लोबिन तेव्हा दहाच्या आसपास रेंगाळत होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, आईने अळिवाचे लाडू. त्यात आता हेमॅटाइटची भर. हेमॅटाइट म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड, आपल्या गेरूला लाल रंग येतो तो याच्यामुळेच. नुसतं अंगाला लागून लोह मिळत असतं, तर आमच्या घरातलं सगळ्यात धडधाकट माणूस म्हणजे अंगणातलं तुळशीवृंदावन.

अकिकाबद्दल मात्र चेष्टा सुचेना. आपल्याकडे अकिकाचं काम म्हटलं की खंभात. तिथे हे खडे मडक्यांत घालून भाजतात, मग आतल्या लोहाचा रंग लालसर चढतो. हडप्पाच्या काळापासून गुजरातेत हे चालत आलंय. पण भाजलेला खडा घासून गोल करताना उडणारी बारीक धूळ कारागिराच्या छातीत जाऊन बसते. सिलिकोसिस. खंभातच्या अकीक कामगारांचा हा आजार डॉक्टरांनी केव्हाच नोंदवून ठेवलाय. माझे मणी तिथलेच होते की कुठले, कोण सांगणार. 'श्वास मोकळा करतो' ही ओळ वाचल्यावर मी ते कार्ड रद्दीत टाकलं.

वन्संच्या कार्डाला हसावं तर आमच्या माहेरीही दगड होतेच. धाकटा भाऊ खो-खो खेळायचा आणि ऐन सामन्यात त्याचा पाय मुरगळायचा. मंगळ कमजोर आहे म्हणून त्याला सव्वापाच रत्तीचं पोवळं घातलं, मंगळवारी सकाळी, अनामिकेत. पोवळं मुळात दगडच नाही. समुद्रातल्या बारक्या जिवांनी रचलेला सांगाडा तो, शिंपल्याच्या जवळचा. पण भावाने त्यानंतर दोन वर्षं पाय मुरगळून घेतला नाही. मोजे आणि बूटही त्याच महिन्यात नवीन आणले होते, हे घरात फक्त बाबांच्या लक्षात राहिलं. नीलमची तर आईला धास्तीच. तो धार्जिणा लागतो म्हणे. आधी उशाखाली ठेवून झोपायचं आणि स्वप्न काय पडतं ते बघायचं. आमच्याकडे तो आठ दिवस राहिला आणि परत गेला.

खेळाडू आणि खडा ही जोडी भलतीच जुनी आहे. अडीच हजार वर्षांपूर्वी मायलो नावाचा ग्रीक पैलवान होता, ऑलिंपिकची कुस्ती सहा वेळा मारलेला. रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय, की कोंबड्याच्या पोटात सापडणारा, स्फटिकासारखा, दाण्याएवढा खडा जवळ बाळगल्यामुळे मायलो हरत नाही, असा समज होता. याच मायलोची दुसरी गोष्ट अशी, की तो एक वासरू रोज खांद्यावर घ्यायचा. वासराचा बैल झाला तरी उचलत राहिला. एवढं करून श्रेय गेलं कोंबड्याला.

माझ्या आजोबांच्या गावातही दगड होता, कराडजवळ, मारुतीच्या देवळापुढे. काळ्या पाषाणाची गुळगुळीत गोटी. तालमीतली पोरं यात्रेच्या दिवशी ती उचलायची. आजोबांनी ती एकदा छातीपर्यंत नेली होती. आजीच्या मते गुडघ्यापर्यंत. तो दगड धैर्य वगैरे काही देत नसे. आजोबांची कंबर मात्र त्यानंतर महिनाभर धरली होती, यावर दोघांचं एकमत होतं.

पळायच्या दिवशी मी ब्रेसलेट घातलं. न घालून काही झालं असतं तर पुढची दहा वर्षं ऐकावं लागलं असतं. उजव्या हातात वन्संचे दगड, डाव्या हातात घड्याळ. घड्याळाच्या पोटातही दगडच असतो, स्फटिकाचा, म्हणजे गारगोटीच्याच जातीचा. क्युरी बंधूंनी 1880 साली दाखवून दिलं की स्फटिक दाबला की त्यातून वीज निघते. उलट त्याला वीज दिली की तो थरथरतो. घड्याळातला तो चिमुकला तुकडा सेकंदाला 32,768 वेळा थरथरतो आणि त्यावर वेळ मोजली जाते. आमचे कोच कपाळाला आठ्या घालून ज्याच्याकडे बघत असतात, तो हा दगड.

येवतेश्वरच्या घाटात पावसाने गाठलं. दोन्ही बाजूंना सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा काळा कातळ, त्यावरून पाण्याच्या धारा आणि मधून आम्ही. चष्म्याच्या काचा धुवून निघाल्या म्हणून तो काढून खिशात टाकला. आता घड्याळात काही दिसेना. कोचनी सांगितलं होतं, चढावर सरसकट पळू नका, थोडं पळा, थोडं चाला, मोजून. मोजायचं कशावर? हा चाळिशीनंतरचा प्रश्न कोचना सुचला नव्हता, ते सव्वीस वर्षांचे आहेत.

तेव्हा ते ब्रेसलेट मनगटावरून काढून मुठीत घेतलं. दहा पावलं, एक मणी. दहा पावलं, पुढचा मणी. त्यात एक मोठा चांदीच्या रंगाचा मणी होता. तो अंगठ्याला लागला की तीस पावलं चालायचं. तो सोडून मणी भरले एकवीस, आणि शर्यतही एकवीस किलोमीटरची. हे मी वन्संना सांगितलेलं नाही, कारण मग त्याचंही कार्ड निघेल. अंगठ्याला टायगर आय, अकीक, हेमॅटाइट यांतला फरक कळत नव्हता. ओला, गोल, थंड, एवढंच कळत होतं. आजी जपमाळ ओढताना कुठेतरी लांब बघत बसायची, तिचा चेहरा मला त्या चढावर दोनदा आठवला.

पाण्याच्या टेबलापाशी छत्री धरून उभ्या असलेल्या एका बाईंनी विचारलं, "ताई, जप करत पळताय व्हय?"

"हो," मी म्हटलं. खुलासा करण्याइतका दम नव्हता.

उतारावर पोटरीत गोळा आला. तिथे दगड काही बोलले नाहीत. कुणीतरी मीठ-साखरेचं पाणी दिलं आणि काम झालं. शेवटी पोचले, कोचनी आखून दिलेल्या वेळेपेक्षा अकरा मिनिटं उशिरा.

घरी आल्यावर ब्रेसलेट पुसून फ्रिजवर ठेवायला गेले, तर ते माझ्या हातातून सुटून दाराला जाऊन चिकटलं. मी बघतच राहिले. नवरा हसून बेजार. खरा हेमॅटाइट लोहचुंबकासारखा असा टपकन चिकटत नाही. चिकटणारे हे काळे मणी कारखान्यात बनवलेले असतात. म्हणजे माझ्या रक्तातलं लोह वाढवायला आलेला हेमॅटाइट मुळात हेमॅटाइटच नव्हता.

संध्याकाळी वन्संचा फोन आला. "मग? गुण आला का?"

"आला," मी म्हटलं. खोटंही नव्हतं ते.

"बघ! म्हणून तर ह्यांच्या गुडघ्यासाठीही एक मागवलंय."

ब्रेसलेट अजून फ्रिजच्या दारावरच आहे. त्याखाली पुढच्या महिन्याचं सरावाचं वेळापत्रक आणि विजेचं बिल व्यवस्थित टिकून असतं. वन्सं दिवाळीला येणार आहेत, त्याआधी आठवणीने काढून हातात घालायला हवं.