पेटी, चाक आणि कवचकुंडलं

महाभारतातली माणसं आजच्या कपड्यांत लगेच रुळतात. दुर्योधन वस्तीतला दादा होतो, पांडव कारखानदार होतात, कुंती तर कुठल्याही घरात सापडते. अडतं ते सामानापाशी. कर्णाची पेटी, त्याची कवचकुंडलं, रुतलेलं चाक यांच्या जागी आज काय ठेवायचं? नुसती दिसायला सारखी वस्तू चालत नाही. मूळ वस्तू कथेत जे काम करत होती, ते नवीने उचलायला हवं.

पेटीचंच बघा. वनपर्वातली कुंती मेणाने लिंपलेल्या पेटीत मऊ अंथरूण घालून बाळाला अश्वनदीत सोडते. चर्मण्वती, यमुना, गंगा असा प्रवास करत पेटी चंपानगरीत अधिरथाच्या हाती लागते. नदीचे दोन गुण इथे कामी येतात: ती मागे फिरत नाही आणि नाव-गाव विचारत नाही. हिंदी चित्रपटांनी पिढ्यान्‌पिढ्या मूल देवळाच्या पायरीवर ठेवलं. तिथे घोटाळा असा, की पायरी जागची हलत नाही. आईला पश्चात्ताप झाला तर सकाळी जाऊन बघता येतं. अनाथाश्रम घ्यावा तर नोंदवही आली. मणिरत्नम यांच्या ‘थलपती’ या कर्णकथेवर बेतलेल्या तमिळ चित्रपटात (1991) कोवळ्या वयातली आई बाळाला मालगाडीच्या डब्यात ठेवते. प्रवासी नाहीत, आरक्षणाचा तक्ता नाही, गाडी सुटली की संपलं. नदीची दोन्ही कामं रुळांनी केली.

श्याम बेनेगल यांच्या ‘कलयुग’मध्ये (1981) कुरुक्षेत्र म्हणजे दोन उद्योजक घराण्यांतली कंत्राटांची मारामारी. पटकथेत बेनेगल यांच्यासोबत गिरीश कार्नाड. शशी कपूरचा करण मोटारीचं चाक बदलायला उतरतो आणि तिथेच मृत्यू त्याला गाठतो. रथचक्राचं मुख्य काम इथे चोख होतं: योद्धा वाहनाबाहेर, हात गुंतलेले, पाठ वाकलेली. हरवतो तो शाप. कर्णाच्या हातून ब्राह्मणाची गाय मरते आणि तो चाक रुतण्याचा शाप देतो, हा प्रसंग व्यासांनी आधीच पेरून ठेवलाय, त्यामुळे चाक रुततं तेव्हा जुनी उधारी वसूल होते. पंक्चरला असं कारण नसतं, ते कुणाचंही होतं. महाभारत ठाऊक नसलेल्या माणसाला तो निव्वळ योगायोग वाटेल. ठाऊक असलेला मात्र करण गाडीतून उतरताच सावरून बसतो. शाप पटकथेत नाही, प्रेक्षकाच्या डोक्यात आहे. त्यावर विसंबणं धाडसाचं, पण आपल्याकडे खपून जातं.

याच चित्रपटात वस्त्रहरणाच्या जागी प्राप्तिकराची धाड आहे. अधिकारी रेखाच्या खोलीतल्या कपाटातले कपडे उपसतात. साडीला हात न लावता अब्रू कशी काढतात, ते याहून नेमकं मी कुठे पाहिलेलं नाही.

सगळ्यांत हट्टी वस्तू म्हणजे कवचकुंडलं. तिला एकटीला तीन कामं: ओळख पटवणं, अंगाचं रक्षण करणं आणि शेवटी दान होणं. तिसऱ्यावर सगळी साखळी लटकलेली. ब्राह्मणाच्या वेषातला इंद्र मागतो, कर्ण अंगावरून कापून देतो, बदल्यात एकदाच वापरता येणारी शक्ती मिळते. ती चौदाव्या रात्री घटोत्कचावर खर्ची पडते आणि सतराव्या दिवशी कर्णाजवळ ना कवच ना शक्ती.

‘थलपती’त ओळखीचं काम बाळाला गुंडाळलेली पिवळी शाल करते. बाप म्हणून सूर्यदेव आणणं शक्य नव्हतं. म्हणून नायकाचं नावच सूर्या, आणि संतोष सिवन यांचा कॅमेरा उगवता-मावळता सूर्य पुन्हा पुन्हा पडद्यावर आणतो. रक्षणासाठी वेगळी वस्तू शोधायची गरजच पडली नाही. भूमिकेत रजनीकांत आहे, म्हणजे कवच जन्मजातच! दहा जण अंगावर आले तरी थिएटरात कुणाच्या पोटात गोळा येत नाही.

पण हे कवच मागणार कोण आणि उतरवून देणार कसं? सूर्या प्रेयसी गमावतो. तिचं लग्न त्याच्या धाकट्या भावाशी, कलेक्टर अर्जुनशी होतं. आपण कोणाचा मुलगा ते कळल्यावरही तो मित्राची बाजू सोडत नाही. त्याग भरपूर आहेत, मात्र त्यांतला एकही त्याला रणात उघडा पाडत नाही. दानाचा दुवा निखळला, की मरणाचं कारणही निखळतं. म्हणून शेवटी गोळी लागते ती मामुट्टीने साकारलेल्या ‘देवा’ या मित्राला, म्हणजे दुर्योधनाला, आणि कर्ण जिवंत राहतो. चाहत्यांच्या धाकाने शेवट बदलला, असं म्हणून अनेक जण नाक मुरडतात. मला हा आक्षेप अर्धाच पटतो: कवच अंगावर ठेवलेल्या कर्णाला मारायची सोय व्यासांनीही केलेली नव्हती.