इरकल, इळकल आणि ८९६

बेळगावातल्या शहापूरच्या खडेबाजारात मामाचं साड्यांचं दुकान. यंदा त्यानं वेबसाइट काढायचं मनावर घेतलं आणि काम भाच्यावर, म्हणजे फुकटात, येऊन पडलं. बाकीची पानं आठवड्यात उरकली. शोधाच्या चौकटीनं मात्र दीड महिना खाल्ला.

तयार चौकटी ढिगानं मिळतात, पण मला स्वतःची करायची हौस. ब्राउझर आपल्याला आपला टॅग, म्हणजे पानाचा एखादा भाग कसला हे सांगणारी खूण, बनवू देतो. अट एकच: नावात जोडरेघ हवी, म्हणजे त्याच्या घरच्या टॅगांशी गल्लत होत नाही. चाचण्याही लिहिल्या. खालचा बाण दाबला की पुढची ओळ, एस्केप दाबलं की यादी बंद, बोट थांबल्यावर ३०० मिलिसेकंदांनी शोध. सगळ्या हिरव्यागार. मग मोबाइल मामीच्या हातात दिला.

मामी एका बोटानं लिहिते. एक अक्षर, मग चष्मा सारखा करायचा, मग दुसरं अक्षर. एवढ्या वेळात माझे ३०० मिलिसेकंद कितीदा तरी संपायचे आणि यादी दर अक्षराला उडी मारायची. "हे असं नाचालंय कशाला रे?" असं विचारत तिनं 'इरकल' लिहिलं. उत्तर आलं, काही सापडलं नाही. ज्या दुकानाचं निम्मं कपाट इरकलीचं, तिथं!

चूक माझीच. मी यादीत 'इळकल' लिहिलं होतं. बागलकोट जिल्ह्यातलं ते गाव कन्नडमध्ये ळ घेऊनच येतं, आमच्या घरांत त्याचं इरकल होतं, आणि बाहेरगावचं गिऱ्हाईक इलकल लिहितं. कुणी पहिली इ दीर्घ काढतं. साडी तीच, टोपपदर तोच. शेवटी र, ल, ळ यांना त्या शब्दापुरतं एकाच माळेत बांधलं. सगळीकडे बांधून चालत नाही. मग 'काळा' शोधणाऱ्याला 'कारा' दिसायला लागतो.

दुसरी खोड 'पैठण'ची. जुळलेला भाग मी ठळक करायचो. 'पैठणी'तलं 'पैठण' ठळक झालं आणि उरलेली वेलांटी बाजूला ठिपक्यांच्या गोलावर टांगून राहिली, बिचारी. संगणकाच्या लेखी 'णी' म्हणजे दोन वेगळ्या खुणा, आणि मी बरोबर मधोमध कात्री घातली होती. अख्ख्या अक्षरावर तोडायची सोय ब्राउझरमध्येच असते, हे मला तेव्हा कळलं.

गोकाक, बैलहोंगलची गिऱ्हाइकं कन्नडमध्ये लिहिणार, तेही आलं. इथं मात्र मजा आहे. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकाच्या प्रत्येक अक्षराला आकडा देणाऱ्या यादीत, देवनागरी क २३२५ वर, कन्नड क ३२२१ वर. फरक ८९६. ग घ्या, ब घ्या, ळ घ्या, फरक तोच, कारण दोन्ही लिप्या आयएससीआयआय या भारतीय लिप्यांच्या जुन्या मानकाच्या एकाच साच्यावरून बसवल्यात. म्हणजे आमचा सगळा सीमाप्रश्न एका वजाबाकीत! खूश होऊन चाचणीला पहिला शब्द घेतला तो गावाचाच, आणि नेमका तोच हुकला. कन्नडात बेळगावीचा ए ऱ्हस्व, आमचा दीर्घ; मात्रा एका आकड्यानं अलीकडे पडली. त्या एका घरासाठी वेगळी ओळ लिहावी लागली.

मामा म्हणाला, यादीत वर नाव कुठलं दाखवायचं? पाटीवर ६० टक्के कन्नड हवं असा कायदा आहे. शोधाच्या चौकटीला अजून कुणी टक्का लावलेला नाही. जे लिहिलं तेच वर दाखवतो झालं.

परवा मामीनं पुन्हा तपासलं. इरकल सापडली, गुळेदगुड्डचा खण सापडला, पैठणीची वेलांटी जागेवर. तिनं बराच वेळ स्क्रीनकडे बघितलं आणि गल्ल्याखालून लाल वही काढली.

"ह्यात उधारीवाले पण सापडतील काय रे?"