नगरपंचायतीची निवडणूक लढवताना

प्रभागांच्या आरक्षणाची सोडत निघून आमचा प्रभाग सर्वसाधारण महिलेसाठी राखीव झाल्याचे कळले, त्याच संध्याकाळी दोन गृहस्थ घरी आले. विषय माझ्या उमेदवारीचा होता, पण बोलत होते ते माझ्या यजमानांशी. "उभी तिला राहायचंय, तिलाच विचारा," असे यजमानांनी सांगितल्यावर ते माझ्याकडे वळले. मी त्यांना नकार दिला आणि आठवडाभर विचार करून अपक्ष उमेदवारी दाखल करायचे ठरवले. महाराष्ट्रातील स्थानिक स्वराज्य संस्थांत महिलांसाठी ५० टक्के जागा राखीव आहेत, पण त्या जागेवरून बाई स्वतः बोलणार नसेल तर त्या आरक्षणाला अर्थ उरत नाही, असे मला मनापासून वाटते.

अर्जाची कागदपत्रे जमवण्यात बरीच धावपळ झाली. थकबाकी नसल्याचा दाखला, शौचालय वापराचा दाखला, १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले नसल्याचे प्रतिज्ञापत्र, मालमत्तेचा आणि कर्जाचा तपशील हे सारे जोडावे लागते. छाननीत अर्ज वैध ठरला.

माझ्या दृष्टीने खरी तयारी त्याआधीच झाली होती. माहितीच्या अधिकारात अर्ज करून मी मागील तीन वर्षांचे अर्थसंकल्प आणि सर्वसाधारण सभांची इतिवृत्ते मिळवली व रोज रात्री वाचून काढली. मालमत्ता कर आणि पाणीपट्टी यांतून येणारे उत्पन्न किती तोकडे असते, शासनाच्या अनुदानावर किती कामे अवलंबून असतात आणि पंधराव्या वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी व स्वच्छता यांखेरीज इतरत्र वापरता येत नाही, हे त्या कागदांवरून कळले. नगरपंचायतीत निवडून आलेले १७ नगरसेवक असतात, त्यामुळे सगळे हजर असताना ठराव मंजूर करून घ्यायचा तर आणखी किमान आठ जणांना तो पटवून द्यावा लागतो आणि त्यानंतरही अंमलबजावणी मुख्याधिकाऱ्यांच्या हाती असते. हे ठाऊक असताना गटार, रस्ता, पाणी असे सगळेच देण्याचा शब्द दारोदार देत फिरणे मला शक्य नव्हते.

प्रचाराच्या चौथ्या दिवशी एका आजींनी मला थेट नळापाशी नेले. तोटीला सुतळीने फडके बांधलेले होते आणि शेजारच्या पिंपात जेमतेम वीतभर पाणी होते. त्यांच्याकडे एक दिवसाआड पाणी यायचे, तेही रात्री अडीचला. "तुम्ही निवडून आलात तर पाणी दिवसा येईल का?" त्यांनी विचारले. मागून आमच्यातली एकजण हळूच म्हणाली, "हो म्हणा." मी म्हणाले, "आजी, तसा शब्द मला देता येणार नाही. वेळ बदलण्याचा विषय मी सभेपुढे आणीन, आणि बदलता येत नसेल तर त्याचं कारण लेखी मागीन." त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या हातात काही नाही?" हा प्रश्न मला फार लागला, कारण तो अगदी रास्त होता. मग तिथेच ओट्यावर बसून मी त्यांना सभा कशी चालते, ठराव कसा होतो, पैसा कुठून येतो, हे जमेल तेवढे सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले, पण मताविषयी अवाक्षर काढले नाही.

मी ६२ मतांनी हरले. वाईट वाटले, आणि ते लपवण्याचे काही कारण नाही. निकालानंतर ३० दिवसांच्या मुदतीत खर्चाचा हिशेब सादर केला आणि त्याच आठवड्यात प्रभागातल्या पाणीपुरवठ्याच्या वेळापत्रकाबाबत, या वेळी साधी नागरिक म्हणून, माहिती मागवली.

उत्तर आले ते घेऊन मी आजींकडे गेले. दिवसा मोटर दुसऱ्या भागासाठी चालते, त्यामुळे आमच्या बाजूचा जलकुंभ रात्रीच भरतो, असे त्यात लिहिले होते. आजींनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतले आणि विचारले, "मग दुसरी मोटर बसवायला खर्च किती येतो?" माझा पुढचा अर्ज त्याच प्रश्नाचा आहे.