कालेइची : कोटाच्या आतले अंताल्या

तुर्कस्तानात अंकाराला राहायला येऊन दोन वर्षे होत आली, तरी भूमध्य समुद्र पाहायचा राहूनच गेला होता. अखेर मार्चमधल्या एका शुक्रवारी रात्रीची बस धरली आणि सकाळी अंताल्याच्या कालेइचीत पोहोचले. ‘काले’ हा आपल्या ‘किल्ला’ शब्दाचाच भाऊबंद; कालेइची म्हणजे किल्ल्याच्या आतली वस्ती, बंदराकडे उतरत गेलेले जुने अंताल्या.

इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पर्गामोन या प्राचीन ग्रीक राज्याचा राजा दुसरा अत्तालोस याने हे शहर वसवले आणि त्याच्या नावावरून पडलेल्या ‘अत्तालेया’चे पुढे अंताल्या झाले. नव्या शहरातून आत शिरताना तीन कमानींची संगमरवरी वेस लागते. रोमन सम्राट हेड्रियन इ.स. 130 मध्ये येथे आला, तेव्हा त्याच्या सन्मानार्थ ती उभारली गेली. येणारे बहुतेक जण माना वर करून कमानींतले कोरीव काम न्याहाळतात. मला मात्र पायांखालचा रस्ता अधिक पाहण्याजोगा वाटला. तेथे चालण्यासाठी लहानसा पूल टाकला असून त्याखालच्या मूळ फरसबंदीवर गाड्यांच्या चाकांनी खोल खाचा पाडलेल्या दिसतात. ‘चाकोरी’ हा शब्द आपण नोकरी आणि संसार यांच्याबद्दल आयुष्यभर वापरतो, पण दगडात उतरलेली खरीखुरी चाकोरी मी प्रथमच पाहिली.

त्यानंतर माझ्या बॅगेच्या चाकांची पाळी आली. गल्ल्या अरुंद आणि उताराच्या, त्यात खाली गोटे बसवलेले. दहाव्या मिनिटाला एक चाक निखळून गटारात गेले. समोरच्या घराच्या दारातून साठीच्या बाई बाहेर आल्या, काही न विचारता त्यांनी बॅगेचे एक टोक उचलले आणि मला आत नेले. वरच्या मजल्याचा लाकडी सज्जा रस्त्यावर झुकलेला, मागे नारिंगाच्या झाडांचे अंगण, असे ते जुन्या धाटणीचे घर होते आणि योगायोगाने त्याचे पान्सियोन, म्हणजे घरगुती लॉज, केलेले होते. मी तेथेच राहिले.

अनोळखी माणसाला असे घरात घेण्याची या गावाची रीत बरीच जुनी असावी. मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता 1330च्या दशकाच्या सुरुवातीला येथे आला होता. विटके कपडे घातलेल्या एका माणसाने त्याला सोबत्यांसह जेवायला बोलावले, तेव्हा या गरिबाला आपला भार कशाला, असे त्याला वाटले. त्यावर तो ज्याच्याकडे उतरला होता त्या यजमानाला हसू आवरेना, कारण तो माणूस चांभारकाम करणारा असला तरी सुमारे दोनशे कारागिरांच्या ‘अखी’ मंडळाचा प्रमुख होता. ही मंडळी दिवसभर कमवत आणि रात्री ते पाहुण्यांवर खर्च करीत. हाच इब्न बतूता पुढे आपल्या दौलताबादलाही गेला, आणि तेथल्या किल्ल्यातले त्याच्या लक्षात राहिले ते मांजराहून मोठे उंदीर! गावोगावचे नशीब, दुसरे काय.

त्याच्या वर्णनात व्यापारी, रूमी म्हणजे ग्रीक, यहुदी आणि मुसलमान यांचे मोहल्ले वेगवेगळ्या तटांनी विभागलेले आहेत आणि त्यांच्या वेशी रात्री बंद होतात. ते अंतर्गत तट आता राहिलेले नाहीत आणि ग्रीकही राहिलेले नाहीत. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या 1923च्या करारानुसार झालेल्या लोकसंख्येच्या अदलाबदलीत अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांना ग्रीसला जावे लागले. त्यांचे आया योर्गी हे चर्च आता एका संग्रहालयाचा भाग आहे. शेजारच्या जुन्या घरात पुतळे मांडून नवरदेवाची दाढी करण्याचा प्रसंग आणि नवरीच्या मेंदीची रात्र दाखवली आहे. मेंदीच्या त्या देखाव्यासमोर मी बराच वेळ उभी होते.

वाटेत केसिक मिनारे, म्हणजे ‘तुटका मिनार’, लागतो. रोमन वास्तू, मग चर्च, मग मशीद असा या जागेचा प्रवास आहे. आगीत मिनाराचा माथा गेला म्हणून हे नाव पडले. अलीकडच्या जीर्णोद्धारात त्याला नवा माथा बसवला, पण लोकांच्या तोंडी तो तुटकाच राहिला आहे.

खुद्द बंदराने मात्र माझी थोडी निराशा केली. सेल्जुक तुर्कांनी 1207 मध्ये ज्याच्यासाठी हे शहर जिंकले, त्या बंदरात आता सहलीच्या नावा कर्णे लावून उभ्या असतात. त्यांच्याकडे पाठ करून धक्क्याच्या टोकाला गेल्यावर पाणी अनपेक्षितपणे शांत आणि हिरवट निळे दिसते. मागे वळून पाहिले की घरांच्या छपरांवर तेराव्या शतकातला यिव्ली मिनार उठून दिसतो, विटांच्या आठ उभ्या पन्हळींचा आणि 38 मीटर उंच. तर खाडीपलीकडे बेय पर्वतावर मार्चमध्येही बर्फ होते.

संध्याकाळी अंगणात चहा पिताना त्या बाईंनी शेजारणीला माझी ओळख ‘मिसाफिर’ अशी करून दिली. हा आपलाच ‘मुसाफिर’, पण तुर्कीत त्याचा अर्थ पाहुणा असा होतो. मीही त्यांना ‘तेइझे’ म्हणू लागले होते. तेइझे म्हणजे शब्दशः मावशी. रविवारी निघताना त्यांनी अंगणातल्या कडू नारिंगांच्या मुरांब्याची बरणी वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या तीनचाकी बॅगेत ठेवली. खोलीचे भाडे घेतले. बरणीचे पैसे पुढे केले, तेव्हा त्यांनी माझा हात मागे सारला.